दिवसा झोपणाऱ्याची भिंत

प्रति,
मा. निवारण अधिकारी साहेब,
नागरी तक्रार निवारण कक्ष, नागापूर विभाग,
अहिल्यानगर.

अर्जदार : मच्छिंद्र सोपान सुरवसे, वय ३९, धंदा नोकरी, रा. श्रमसाफल्य वसाहत, नागापूर. मूळ रा. खर्डा, ता. जामखेड.

विषय : शेजारील घरातील मिरची कांडप यंत्र सील करण्याच्या आदेशास, खुद्द तक्रारदाराच्याच विनंतीवरून, स्थगिती मिळणेबाबत व सदर यंत्रासाठी अन्यत्र जागा मिळणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे यापूर्वीचे तीन तक्रार अर्ज.
२) यंत्र सील करण्याबाबत आपल्या कार्यालयाचा मार्च महिन्यातील आदेश.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, ज्या यंत्राविरुद्ध अर्जदाराने आपल्या कार्यालयाचे उंबरठे झिजवले, तेच यंत्र सील करू नये असे सांगण्यासाठी तो आज पुन्हा आपल्या दारात उभा आहे. हे वाचून अर्जदाराच्या डोक्यावर परिणाम झाला असावा असे साहेबांना वाटणे साहजिक आहे. परिणाम झाला आहे, हे अर्जदार नाकारत नाही. परंतु तो कशाने झाला हे पहिल्यापासून सांगितल्याशिवाय मागणीचा अर्थ लागणार नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहिणे भाग पडत आहे.

अर्जदार नागापूर औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात भट्टीवर कामाला आहे. गाड्यांचे लोखंडी भाग लालबुंद तापवायचे आणि नेमक्या वेळी तेलात सोडायचे, असे ते काम आहे. त्यात नजर हलली तर माल वाया जातो आणि हात हलला तर माणूस. अर्जदारास कायम रात्रपाळी आहे आणि ती त्याने स्वतः मागून घेतलेली आहे. त्याची पत्नी सौ. दीपा पॅकिंगच्या कामाला दिवसा जात असे आणि मुलगी सृष्टी दुपारी शाळेतून येत असे. दार उघडायला घरात कुणीतरी एक असावे, एवढाच त्यामागे विचार होता. सकाळी अर्जदार घरी यायचा, भाकरी खायचा, सृष्टीला शाळेत सोडायचा आणि खिडकीला गोधडी लावून झोपायचा. लोकांची रात्र काळी असते. अर्जदाराची रात्र गोधडीतून झिरपणाऱ्या उन्हामुळे तांबूस असायची. पण ती त्याची रात्र होती आणि त्याला पुरत होती. चार वर्षे कुणाची तक्रार नव्हती, अर्जदाराची तर नाहीच.

वसाहतीतील घरे जोडघरे आहेत. अर्जदाराचे घर आणि श्रीमती राहीबाई ठुबे यांचे घर यांच्यामध्ये एकच भिंत आहे आणि ती चार इंची आहे. अर्जदाराची खाट त्याच भिंतीला लागून आहे, कारण खोलीत दुसरीकडे कुठे ती मावत नाही. राहीबाई मूळच्या पारनेरकडच्या. त्यांचे यजमान कामगारांच्या बसवर चालक आहेत. घरात अगदी हलाखी आहे असे नाही. पण साऱ्या उमेदीत दुसऱ्याच्या वावरात खुरपण केलेल्या या बाईला पन्नाशीत स्वतःचे काहीतरी असावे असे वाटू लागले. वसाहतीतील सहा बायकांचा गट करून त्यांनी गेल्या वर्षी, फेब्रुवारी महिन्यात, पुढच्या खोलीत मिरची-मसाला कांडायचे यंत्र बसवले. त्यात लोखंडी मुसळे मोटरवर वर उचलली जातात आणि खालच्या उखळात आदळतात. दारावर 'राहीबाई मसाले' अशी पाटी लागली. पाटी बघताना त्या अर्जदाराला म्हणाल्या होत्या, "मच्छिंदर, रेशन कार्डावर सोडलं तर माझं नाव पैल्यांदा कुठंतरी लागलंय बघ." यंत्राच्या पूजेचा नारळ त्यांनी अर्जदाराच्याच हस्ते फोडला. शेजारधर्म इतका चांगला होता.

दुसऱ्या दिवशी अर्जदार नेहमीप्रमाणे झोपला आणि त्याचा डोळा लागतो न लागतो तोच भिंतीतून ठोका आला. मग दुसरा. मग ते थांबेनात. फळीवरचे पितळी डबे एकमेकांना लागून किणकिणू लागले. तांब्यातल्या पाण्यावर गोल गोल वलये उठू लागली. भिंतीवरच्या वडिलांच्या फोटोने आधी मान कलती केली आणि चार दिवसांनी तो खाली आला. साहेब, आवाज कानाने ऐकू येतो आणि कानात कापसाचे बोळे घालता येतात. हादरा अंगाने ऐकू येतो. तो खाटेच्या पायातून वर चढतो, पाठीच्या मणक्यातून जातो आणि दाढांमध्ये येऊन बसतो. अंगात बोळे घालण्याची काही सोय अर्जदारास आजवर सापडलेली नाही.

आठवडाभर सोसून अर्जदार शेजारी गेला. ओट्यावर बायका मिरच्यांचे देठ खुडत बसल्या होत्या. राहीबाईंनी त्याला चहा दिला आणि तक्रार ऐकून म्हणाल्या, "रातच्याला एक ठोका पडनार न्हाई, माझा शब्द हाय." अर्जदार म्हणाला, "राहीमावशी, रात्री मी घरात नसतोच. मला दिवसाच झोपायचं असतं." त्यावर गटातल्या चांगुणाबाई म्हणाल्या, "दिसा कोन झोपतंय? आजारी न्हाईतर आळशी." सगळ्या हसल्या. अर्जदारही हसला, कारण तेव्हा हसण्याइतकी झोप त्याच्या अंगात शिल्लक होती. मशीन दुपारनंतर चालवा, अशी विनंती त्याने केली. तेव्हा राहीबाई म्हणाल्या, "आरं, बायांना सकाळचीच येळ घावते. दुपारी नळाला पानी येतं, मग पोरं येत्यात, मग चुली. तूच सांग, कवा कांडू?" त्या बायकांना दिवसातली जी वेळ मोकळी होती, नेमकी तीच त्याची मध्यरात्र होती. यात कुणाचीही लबाडी नव्हती, हे अर्जदार आज प्रांजळपणे नमूद करतो. राहीबाईंनी यंत्राखाली पोत्यांची चळत घातली, नंतर रबराच्या चटया घातल्या. ठोक्याची धार गेली आणि त्यात घुमारा आला. तो पहिल्यापेक्षा खोल जात होता.

त्यानंतर अर्जदाराने जे जे केले ते सांगताना त्याला लाज वाटते, पण वस्तुस्थिती दडवून उपयोग नाही. खाटेच्या चारी पायांखाली त्याने जुन्या टायरचे तुकडे घातले. छताच्या कडीला झोळी बांधून तीत झोपून पाहिले. हादरा चुकला, पण कंबर धरली आणि झोळीतला बाप पाहून सृष्टी शाळेत चित्र काढून आली. तो स्वयंपाकघरात ओट्याखाली झोपला. देवळाच्या सभामंडपात झोपला. तिथे पुजाऱ्याने दोन दिवस काही म्हटले नाही, तिसऱ्या दिवशी घरी काही वाद आहे का असे विचारले. बागेत झोपला, तर रखवालदाराने दारुडा समजून उठवले. राहुरीकडे जाणाऱ्या एसटीत मागच्या बाकावर तिकीट काढून झोपला, वाहक भला माणूस होता, शेवटच्या थांब्यावर म्हणाला, "पाव्हणं, उतरायचं न्हाई का?" अर्जदाराने परतीचे तिकीट मागितले. एकदा देवळाली प्रवरेला बहिणीकडे गेला. तिचे घर उसाच्या फडात आहे, तिथे पानांच्या सळसळीशिवाय दुसरा आवाज नाही. अर्जदार तिथे असा मेल्यासारखा झोपला की बहिणीने दोनदा नाकाशी हात धरून पाहिला. दिवस मावळल्यावर जाग आली तेव्हा फोनवर शेजारचे कितीतरी कॉल येऊन गेले होते. सृष्टी कुलूप लावलेल्या दाराशी दप्तरावर बसून होती, आणि तिला खायला घालून जवळ बसवून घेतले होते ते राहीबाईंनीच.

याच काळात अर्जदाराने आपल्या कार्यालयात पहिला अर्ज दिला. त्यावर कार्यवाही झाली नाही असे तो म्हणणार नाही. आपले निरीक्षक आवाज मोजायचे यंत्र घेऊन स्वतः आले. दुर्दैवाने त्या वेळी वीज गेली होती. निरीक्षक तासभर थांबले, अर्जदाराच्या घरी पाणी प्याले आणि परिसर शांत असल्याचे नोंदवून गेले. दुसऱ्या अर्जावर लेखी उत्तर आले की, शांतता राखण्याचे बंधन रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेस लागू असून सदर यंत्र त्या वेळेत बंद असते, सबब नियमभंग दिसून येत नाही. नियमाविरुद्ध अर्जदाराचे काही म्हणणे नाही. नियम करणारे रात्री झोपणारे असावेत, एवढेच त्याला त्या दिवशी वाटले. आपण ज्या रात्रीला संरक्षण दिले आहे, त्या रात्री अर्जदार भट्टीसमोर उभा असतो. त्याची रात्र लोकांच्या सकाळी नवाला सुरू होते आणि तिला कुठल्याही कागदात जागा नाही.

झोप गेलेल्या माणसाचे काय होते ते बाहेरून चटकन दिसत नाही. तो चालतो, बोलतो, हजेरी लावतो. अर्जदार जेवताना घास हातात धरून बसू लागला. पत्नीने काही विचारले की आधी चिडू लागला आणि मग प्रश्न काय होता ते विचारू लागला. कारखान्यात त्याने एकदा तापलेला माल तेलात सोडण्याऐवजी नुसता बघत ठेवला. पर्यवेक्षक चांगले होते, त्यांनी बाजूला घेऊन सांगितले, "सुरवसे, पुढच्या खेपेला मला वर कळवावं लागंल." घरी दीपा म्हणाली, "तुम्ही माणसासारखे राहिला नाहीत." ते खरे होते म्हणून अर्जदाराला राग आला, आणि राग आला म्हणून तो दोन दिवस बोलला नाही.

गेल्या नोव्हेंबरात दिवाळी नुकतीच सरली होती. लग्नसराईच्या मसाल्याची कामे शेजारी जोरात होती. अर्जदार पाळीवरून आला आणि सृष्टीला दुचाकीवर मागे बसवून शाळेत सोडायला निघाला. स्वच्छ ऊन होते, रस्ता रोजचा होता. पापणी मिटली आणि उघडली, तेवढ्यात रस्ता संपलेला होता. गाडी कडेच्या खडीच्या ढिगात शिरली. अर्जदाराला खरचटले. सृष्टीचा उजवा हात कोपराजवळ मोडला. ती रडली नाही. खडीत बसल्या बसल्या मोडका हात दुसऱ्या हातात धरून तिने विचारले, "पप्पा, तुम्ही झोपला होता ना?"

दवाखान्यात सर्वांत आधी पोहोचल्या त्या राहीबाई. काम तसेच टाकून त्या रिक्षाने आल्या होत्या. हात कोपरापर्यंत तिखटाने लाल होते, त्यामुळे त्यांना पोरीला जवळ घेता येईना. दोन्ही हात अंगापासून लांब धरून त्या भिंतीशी उभ्या राहिल्या आणि रडू लागल्या. डोळे पुसायचे तर तेही त्या हातांनी पुसता येत नव्हते. शेवटी दीपाने आपल्या पदराने त्यांचे डोळे पुसले. त्या दिवसापासून दोन आठवडे राहीबाईंनी यंत्र बंद ठेवले. कुणी सांगितले नव्हते.

आता खरी अडचण पुढे आहे, ती साहेबांनी कृपया नीट वाचावी. त्या दोन आठवड्यांत भिंत गप्प होती, गोधडी खिडकीला होती, खाट तीच होती. अर्जदार आडवा होऊन डोळे मिटायचा आणि वाट बघायचा. आता येईल. आता येईल. ठोका येत नव्हता, आणि तो येत नाही म्हणून सगळे अंग ताठ होऊन त्याचीच वाट बघत राहायचे. पाठदुखीचा माणूस बसताना जसा दुखण्याच्या आधीच कळवळतो, तसे अर्जदाराचे झाले होते. कुणी दाराची कडी वाजवली, कुणी बादली खाली ठेवली, तरी तो उठून बसायचा. तेव्हा त्याला पहिल्यांदा भीती वाटली की यंत्र आता शेजारच्या घरात राहिलेले नाही.

यंत्र पुन्हा सुरू झाले आणि त्या भीतीतच अर्जदाराने तिसरा अर्ज लिहिला. त्यातली भाषा तिखट होती. ती कुणाला लागली असेल तर क्षमा असावी. इकडे सृष्टीचा हात गळ्यात असल्याने दीपाने पॅकिंगचे काम सोडले. घरात बसून होईल असे काम वसाहतीत एकच होते. राहीबाईंनी मिरचीची पोती पाठवून दिली आणि दीपा अर्जदाराच्या खाटेपाशी बसून देठ खुडू लागली. म्हणजे परिस्थिती अशी झाली की भिंतीच्या पलीकडे यंत्र, अलीकडे त्या यंत्राची मिरची, आणि मध्ये शिंकत पडलेला तक्रारदार. अर्जदार म्हणाला, "तुला दुसरं काही मिळालं नाही का?" दीपा म्हणाली, "मिळालं असतं तर ह्या ठसक्यात बसले असते का? पोरीपाशी राहून चार पैसे मिळतील असं हे एकच आहे. मावशींचं मशीन बंद पडलं तर मीही बंद पडेन, एवढं ध्यानात असू द्या." अर्जदाराने कूस बदलली. वाद घालायला लागणारी ताकद झोपेतूनच येते, हे त्याला त्या काळात कळले.

मार्च महिन्यात आपला आदेश आला. राहत्या घरात घरगुती वीजजोडणीवर व्यवसाय चालविला जात असल्याने यंत्र एप्रिलअखेर सील करावे, असे त्यात आहे. आदेश योग्यच आहे. अर्जदाराने जे मागितले ते त्याला मिळाले. त्याच दुपारी राहीबाई तो कागद हातात घेऊन आल्या. मागे गटातल्या बायका फाटकाशीच उभ्या राहिल्या, कुणी आत आले नाही, कुणी भांडले नाही. राहीबाईंनी कागद खाटेवर ठेवला आणि म्हणाल्या, "जितलास बाबा. झोप आता." एवढे बोलून त्या गेल्या. अर्जदारास भांडण चालले असते. खर्ड्याच्या माणसाला भांडणाचे भय नाही. पण त्या चार शब्दांनी त्याची जी अवस्था झाली ती कुठल्याही यंत्राने केलेली नव्हती.

काही दिवसांनी, एप्रिलच्या सुरुवातीस, राहीबाई स्वतः होऊन आल्या. सकाळची वेळ होती, पलीकडे यंत्र चालू होते. चांगुणाबाईंना त्यावर बसवून त्या आल्या होत्या. म्हणाल्या, "एवढं काय हुतंय तरी काय ह्या खोलीत? सव्वा वर्स ऐकतीया. बघू दे मला, खरं का खोटं." दीपाने मिरच्या बाजूला सारल्या. राहीबाई अर्जदाराच्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या आणि पदर तोंडावर घेतला. डबे किणकिणत होते. तांब्यातले पाणी थरथरत होते. अर्जदार खाली जमिनीवर बसून राहिला. आता यांना कळेल, असे त्याला वाटले. खरे सांगायचे तर त्याला एक दुष्ट आनंद झाला.

राहीबाई घोरू लागल्या.

अर्जदाराने दीपाकडे पाहिले, दीपाने त्याच्याकडे. खाट हादरत होती आणि त्या हादऱ्यावर ती बाई पाळण्यातल्या लेकरासारखी डोलत झोपली होती. पहिल्यांदा अर्जदाराला संताप आला. मग हेवा वाटला, इतका की डोळ्यांत पाणी आले. मग त्याचे लक्ष त्यांच्या पायांकडे गेले. टाचांना भेगा होत्या आणि भेगांमध्ये तिखट भरलेले होते. ही बाई रोज किती वाजता उठत असेल, हा विचार भिंतीला भिंत लावून राहत असूनही त्याच्या मनात तोवर आला नव्हता. दीपाने उठून त्यांच्या पायांवर चादर टाकली.

चांगला वेळ गेला. मग पलीकडे चांगुणाबाईंनी उखळ रिकामे करण्यासाठी यंत्र थांबवले. त्याबरोबर राहीबाई दचकून उठून बसल्या आणि म्हणाल्या, "का थांबलं? काय झालं?" दीपा म्हणाली, "काही नाही मावशी, माल काढत असतील." त्यांनी छातीवर हात ठेवला. मग आपण कुठे आहोत ते त्यांना उमगले आणि त्या ओशाळल्या. "निजले हुते का काय मी?" दीपा म्हणाली, "घोरत होतात." राहीबाईंनी अर्जदाराकडे पाहिले. "आन तू?" "मी बसलोय," अर्जदार म्हणाला. "एवढा येळ बसूनच?" त्यावर अर्जदार म्हणाला, "मावशी, सव्वा वर्षं बसलोय."

पलीकडे यंत्र पुन्हा सुरू झाले तेव्हा राहीबाईंचे खांदे सैल पडले आणि त्याच ठोक्याला अर्जदाराची मान आवळली. एकमेकांचे काय होते ते दोघांनीही पाहिले. राहीबाई म्हणाल्या, "माझं असं हाय बघ, त्ये चालू असलं की समदं बरं चाललंय असं वाटतंय. थांबलं की धडकी भरती." अर्जदार म्हणाला, "मला सुरू झालं की भरते." त्या म्हणाल्या, "मंग एका भिंतीला आपल्या दोघांचं जमायचं न्हाई. मी तुला खोटा समजत हुते, मच्छिंदर. खोटा न्हाईस तू. पर मी बी खोटी न्हाई." साहेब, सव्वा वर्षात या प्रकरणात झालेला निवाडा म्हणाल तर हाच.

सबब अर्जदाराची व ज्यांच्याविरुद्ध तक्रार होती त्या राहीबाई ठुबे यांची संयुक्त विनंती अशी की, वसाहतीच्या टोकाला पाण्याच्या टाकीमागे आपल्या विभागाचे एक गोदाम कुलूप लावून पडून आहे. त्याच्या आजूबाजूला राहते घर नाही, असलाच तर बाभळीचा आडोसा आहे. ते गोदाम रीतसर भाड्याने महिला गटास मिळावे. तेथे व्यवसायाची वीजजोडणी घेण्यास गट तयार आहे. तोपर्यंत यंत्र सील करू नये. घरातील जोडणीबाबत जो काही नियमाप्रमाणे दंड असेल तो भरण्याची गटाची तयारी आहे. सील झालेले यंत्र पुन्हा उघडायला किती हेलपाटे पडतात हे साहेबांना ठाऊक आहे. मिरचीचा हंगाम मात्र हेलपाट्यांसाठी थांबत नाही. यंत्र गोदामात गेले तरी सौ. दीपा देठ खुडण्याचे काम घरी बसून करू शकेल. मग घरात दिवसा माणूस राहील आणि अर्जदारास दिवसपाळी मागता येईल. कारखान्यात दिवसपाळीच्या रांगेत त्याच्यापुढे बरेच जण आहेत, त्यामुळे ती आज-उद्या मिळेल असे नाही, पण रांगेत उभे राहता येईल.

मधल्या काळासाठी उभयतांनी आपसात असे ठरवले आहे की, यंत्र एक दिवसाआड चालवावे. सोमवार, बुधवार, शुक्रवार राहीबाईंचा. मंगळवार, गुरुवार, शनिवार अर्जदाराचा. यात गटाचे निम्मे काम बुडते आणि चांगुणाबाई अजूनही अर्जदाराशी बोलत नाहीत. तरीही राहीबाईंनी शब्द दिला आहे आणि तो त्या पाळत आहेत. आपल्या निरीक्षकांनी कधीही येऊन खात्री करावी. येण्यापूर्वी वीज आहे ना, एवढे पाहावे.

अर्जदारास कल्पना आहे की आपल्या कार्यालयापुढे रस्त्यांची, पाण्याची, सांडपाण्याची मोठमोठी प्रकरणे असतात आणि त्यांच्यामध्ये एका माणसाची झोप फार लहान वाटते. तिला वजन नाही, तिची मोजणी होत नाही, पंचनामा होत नाही. ती गेली तरी चोरी म्हणून नोंदवता येत नाही. तरीही गोदामाबाबत लवकर निर्णय व्हावा अशी हात जोडून विनंती आहे. एवढी घाई का, एक दिवसाआड तर झोप मिळतेच आहे ना, असे साहेब विचारतील. त्याबाबत एवढेच सादर करण्यात येते की, आज मंगळवार आहे. ठरल्याप्रमाणे यंत्र सकाळपासून बंद आहे. सृष्टी शाळेत आहे, दीपा दळण आणायला गेली आहे, खिडकीला गोधडी लावलेली आहे, भिंतीतून कसलाही आवाज येत नाही. आणि अर्जदार हा अर्ज सकाळी अकरा वाजता खाटेवर बसून लिहीत आहे.

विनंती आपल्या चरणी ठेवून,

आपला नम्र,
(सही)
मच्छिंद्र सोपान सुरवसे

वरील मजकूर मला वाचून दाखवला, कबूल आहे.
(सही)
राहीबाई ठुबे

ठिकाण : नागापूर, अहिल्यानगर
दिनांक : १५ एप्रिल २०२५

सोबत : यंत्र सील करण्याच्या आदेशाची प्रत, गोदामाच्या मागणीवर गटातील महिलांच्या सह्या (चांगुणाबाईंची सही मिळताच सादर करण्यात येईल).